सोनोग्राफी नॉर्मल, पोट मात्र दुखतंच

भिवंडीत पोटदुखीवरचा पहिला इलाज बहुधा औषधाच्या दुकानातच होतो. शांतीनगर असो, पद्मानगर असो की कामतघर, यंत्रमागाची पाळी सुटली की काउंटरसमोर जी गर्दी जमते तिच्यात दोघे-चौघे तरी पोटावर हात ठेवून उभे असतात. कुणी हिंदीत सांगतं, कुणी उर्दूत, कुणी तेलुगू वळणाच्या मराठीत. सांगणं एकच: पोट दुखतंय आणि आवळल्यासारखं घट्ट झालंय. दुकानदार फारसं विचारत नाही. पट्टीतून तीन गोळ्या कापून देतो. एक ॲसिडिटीची, एक मुरड्याची, एक दुखण्याची. तासाभरात बरं वाटतं, आठवड्याने पुन्हा तेच. असे दोन-तीन महिने गेले की घरातलं किंवा खोलीतलं कुणीतरी म्हणतं, "एकदा सोनोग्राफी करून टाक." सोनोग्राफी होते, रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येतं. पोट दुखतच राहतं, फक्त आता त्याबद्दल तक्रार करायची सोय उरत नाही.

महिनोन् महिने टिकणाऱ्या पोटदुखीची आणि पोट घट्ट होण्याची कारणं काय काय असू शकतात, याचा हा आढावा. वैद्यकाच्या पुस्तकातली यादी फार लांब आहे आणि ती इथे उतरवून काढण्यात अर्थ नाही. या शहरातल्या कामात, पाण्यात, खाण्यात आणि खोल्यांत जी कारणं सापडतात किंवा शोधायला हवीत, त्यांच्याकडेच बघू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. या दुखण्यात निदानाचा मोठा वाटा रुग्णाच्या सांगण्यात असतो, आणि आपण नेमकं तेच ऐकायचं सोडून गोळी आणि यंत्र यांच्यामागे धावतो.

चांगला डॉक्टर सुरुवातीला जे विचारतो ते ऐकायला साधं वाटतं. दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता येते का, की अख्खा तळहात फिरवावा लागतो? जेवल्यावर वाढतं की उपाशीपोटी? शौचाला जाऊन आल्यावर सुटल्यासारखं वाटतं का? मासिक पाळीशी काही संबंध? रात्री झोपेतून उठवतं का? कमरेचा पट्टा एक भोक आत गेला का? यातलं एकेक उत्तर यादीतली दहा-दहा नावं खोडून टाकतं. उजव्या बरगडीच्या काठाखाली, तेलकट जेवणानंतर तासा-दोन तासांनी उठणारी आणि उजव्या खांद्यामागे जाणारी कळ पित्ताशयाकडे बोट दाखवते. वरच्या पोटातून सरळ पाठीत घुसणारी आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी हलकी होणारी वेदना स्वादुपिंडाची असू शकते, आणि समोरचा माणूस दारू पिणारा असेल तर ती शंका अधिकच. कुशीतून निघून जांघेत उतरणारी आणि माणसाला एका जागी बसू न देणारी कळ मुतखड्याची. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात वाफेच्या उष्णतेत घाम गाळणाऱ्या आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळणाऱ्या माणसाला खडे होणं नवलाचं नाही.

आतड्याचं दुखणं मात्र असं नेमकं सांगता येत नाही. आतड्याच्या नसा त्वचेसारख्या जागा दाखवत नाहीत. लहान आतडं दुखलं की बेंबीभोवती, मोठं दुखलं की खालच्या पोटात, एवढंच कळतं. म्हणून 'सगळीकडेच दुखतं' असं सांगणारा रुग्ण नाटक करत नसतो.

कधी कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच, ते पोटाच्या भिंतीत असतं. स्नायूंतून जाणारी एखादी नस अडकते आणि दोन बोटं मावतील एवढ्याच जागी महिनोन् महिने दुखतं. ते ओळखायची युक्ती जॉन कार्नेट या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९२६ मध्ये लिहून ठेवली आहे. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट दाबून धरायचं आणि मान उचलायला सांगायची. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर वेदना तेवढीच राहिली किंवा वाढली तर दुखणं बहुधा भिंतीत आहे. कमी झाली तर आत. या तपासणीला पैसे लागत नाहीत, बहुधा म्हणूनच ती मागे पडली असावी. मानकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांत दिवसभर खोकी उचलणाऱ्या हमालांत आणि मागावर बीम चढवणाऱ्यांत आणखी एक कारण आवर्जून बघायला हवं, ते म्हणजे हर्निया. वजन उचलताना जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा येतो, आडवं पडल्यावर आत जातो, संध्याकाळपर्यंत ओढल्यासारखं दुखत राहतं. झोपवून तपासलं तर तो दिसणारच नाही. उभं करून, खोकायला लावूनच तपासावं लागतं. जांघेपर्यंत तपासायचं दोघांनाही अवघड वाटतं आणि तेवढ्यात निदान निसटतं.

इथेच बेंबी सरकल्याच्या समजुतीबद्दल बोलून घेऊ. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणारे, अंगठ्याला दोरा बांधणारे, पोटावर तांब्या लावून ओढणारे लोक गावोगाव आहेत, भिवंडीतही आहेत. बेंबी सरकत नाही. स्नायू आखडले असतील तर चोळण्याने तात्पुरतं बरं वाटतं, त्याबद्दल भांडण नाही. पण आतडं अडकलेला हर्निया किंवा सुजलेलं आंत्रपुच्छ असेल आणि त्यावर कुणी अंगठे रोवले, तर पोटात पू पसरायला वेळ लागत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. शहरातली समजूत त्या मानाने सौम्य, एवढाच फरक.

आता सर्वांत मोठ्या गटाकडे येऊ. दीर्घकाळ पोट दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या आतड्यात जखम, गाठ, सूज यातलं काही सापडत नाही. आतडं दिसायला ठीक असतं, वागायला नसतं. यातले दोन आजार जास्त आढळतात. पहिला फंक्शनल डिस्पेप्सिया. चार घास खाल्ले की पोट भरतं, जेवल्यावर वरचं पोट दगडासारखं होतं, तिथेच दुखतं किंवा जळजळतं. दुसरा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. याच्या व्याख्या मनमानी नाहीत. २०१६ मध्ये ठरलेल्या रोम निकषांच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे आयबीएस म्हणायला गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं लागतं. शिवाय ते दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाचं रूप बदलण्याशी जोडलेलं असावं लागतं, यातल्या किमान दोन गोष्टींशी. आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. ३३ देशांतल्या ७३ हजार लोकांची एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात या प्रकारचा पचनसंस्थेचा एखादा तरी त्रास असलेले लोक इंटरनेटवरून विचारलं तेव्हा ४० टक्के निघाले आणि घरोघर जाऊन विचारलं तेव्हा साधारण २१ टक्के. समोरासमोर बसून माणसं शौचाबद्दल कमी बोलत असावीत, असा माझा कयास आहे.

पोट फुगून टम्म झालं म्हणजे आत गॅस साठला, असं आपण धरूनच चालतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी सीटी स्कॅन काढून हे मोजून पाहिलं. पुष्कळ रुग्णांच्या पोटात गॅस किरकोळच वाढलेला होता. झालं होतं ते वेगळंच. श्वासपटल खाली उतरलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडून बाहेर आली होती. जेवल्यावर शरीराने जी हालचाल करायची, तिच्या नेमकी उलट. म्हणजे फुगणं खरं, पट्टा घट्ट होणंही खरं, पण गॅस काढायच्या चूर्णाने ते का जात नाही याचं उत्तर इथे आहे. पोट आणि छाती यांचे स्नायू योग्य रीतीने वापरायला शिकवणारे श्वसनाचे व्यायाम अशा रुग्णांना उपयोगी पडतात. दुसरी बाजू संवेदनेची. काहींच्या आतड्याच्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या ताणाने त्यांना दुखतं. हळवेपणा कशाने येतो? एक वाट जंतुसंसर्गाची. जोरदार जुलाब-उलट्यांचा आजार झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाचं आतडं पुढे महिनोन् महिने आयबीएससारखं वागत राहतं. पावसाळ्यात जिथे नळाचं पाणी गढूळ येतं आणि गटाराला लागून पाइप जातात, तिथे हा आकडा नुसता शास्त्रीय राहत नाही.

दुसरी वाट झोपेची. भिवंडीतल्या अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि ठरावीक दिवसांनी दिवसपाळीवाला रात्रपाळीत जातो. आतड्यालाही घड्याळ असतं. फिरत्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासात त्यांना पोटदुखी आणि आयबीएसचा त्रास जास्त आढळला आहे. मागवाल्याचा असा अभ्यास कुणी करायला घेतला तर वेगळं काही निघेल असं वाटत नाही. त्याच्या पोटात दोन वेळचं जेवण जातं ते बहुधा 'बिसी'तलं, म्हणजे एखाद्या बाईने घरी चालवलेल्या खानावळीतलं, भात, डाळ, भाजी. मधल्या वेळात चहा आणि तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे वाचून इथला पानवाला हसेल. त्यात गावाकडे बायको-मुलं, इथे एका खोलीत दहा जण, मीटरवर मोजली जाणारी मजुरी. मेंदू आणि आतडं यांच्यात सतत देवाणघेवाण चालते हे आता सिद्ध झालेलं आहे. पण याचा अर्थ 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असा काढणं म्हणजे अर्धवट ज्ञान. दुखणं खरंच असतं.

आणि त्यावर उपचारही असतात. आयबीएसमध्ये इसबगोलासारखे पाण्यात विरघळणारे तंतू उपयोगी पडतात, गव्हाच्या कोंड्याने मात्र काहींचं पोट आणखी फुगतं. कांदा, लसूण, गहू, राजमा, चवळी यांतली काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषली जात नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने ती टाळणारा आहार तयार केला आहे. तो जन्मभर पाळायचा नसतो. थोडे आठवडे पाळून, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते शोधायचं असतं. नैराश्यावर दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत आयबीएसच्या वेदनेवर काम करतं. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते दिसलं. गोळीच्या पाकिटावर नैराश्याचं नाव वाचून ती फेकून देणारे बरेच असतात, तेवढं समजावून सांगणं डॉक्टरचं काम आहे.

दूधही तपासून पाहावं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद करून बघणं हा कुठल्याही चाचणीपेक्षा स्वस्त प्रयोग आहे. दही बहुतेकांना चालतं.

जठर आणि त्याच्या पुढचा भाग, म्हणजे आपण सरसकट ज्याला ॲसिडिटी म्हणतो तो प्रांत. इथे दोन कारणं मोठी आहेत आणि दोन्ही भिवंडीत मुबलक. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू. तणावाने आणि तिखटाने अल्सर होतो हा समज डॉक्टरांतही इतका घट्ट होता की ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शलने १९८४ मध्ये या जीवाणूचा काढा स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांत हा जीवाणू असतो, बहुतेकांना लहानपणी घरातूनच लागतो, आणि सगळ्यांनाच त्रास देत नाही. श्वासाची किंवा मळाची चाचणी करून तो सापडतो. पण आधीचे दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर असलेला जीवाणूही 'नाही' दिसतो. ज्याच्या खिशात ती पट्टी कायमच असते, त्याला हे सांगायलाच हवं. उपचार दहा-चौदा दिवसांचा, एकापेक्षा जास्त प्रतिजैविकांचा. मधेच सोडला तर जीवाणू निर्ढावतो.

दुसरं कारण दुखण्याच्या गोळ्यांचं. मागापुढे उभं राहून कंबर, गुडघे भरून येतात, गोदामात पाठ जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या चण्या-फुटाण्यांसारख्या खाल्ल्या जातात. जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं याच गोळ्या कमी करतात. अल्सर होतो, पोट दुखतं, आणि त्यावर दुकानातून आणखी एक दुखण्याची गोळी येते. मुरड्यासाठी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत डायसायक्लोमिनच्या जोडीला मेफेनॅमिक ॲसिड असतं, आणि तेही त्याच कुळातलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या अंगभर पुरळ, ताप आणि अवयवांना इजा अशा गंभीर प्रतिक्रियेबद्दल इशारा दिला होता. तो इशारा काउंटरपर्यंत पोचल्याचं दिसत नाही. डॉक्टरकडे जाताना गेल्या सहा महिन्यांत खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. पन्नास प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात.

पाणी आणि जंत यांचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जिआर्डियामुळे गुरगुर, फुगारा आणि तेलकट मळ, अमिबामुळे मुरडा आणि आव. अमिबा यकृतात जाऊन गळू करतो तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो. पुरुषांत आणि दारू पिणाऱ्यांत हे जास्त. शाळा-अंगणवाडीतून जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल मिळतं, पण ती मोहीम १ ते १९ वयापुरती. खोलीत राहणारा तिशीचा कामगार तिच्यात येत नाही.

क्षयाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. क्षय म्हणजे खोकला, एवढंच आपण शिकलो आहोत. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय फुफ्फुसाबाहेर जातो तेव्हा पोट ही त्याची एक नेहमीची जागा आहे. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं, उजवीकडे खाली, तिथे तो विशेष बसतो. तिथली भिंत जाड होऊन वाट अरुंद होते. जेवल्यावर कळ येते, पोटात गोळा फिरल्यासारखा दिसतो, मोठ्याने गुरगुरतं, मग वायू किंवा शौच सरलं की एकदम मोकळं वाटतं. असं पुन्हा पुन्हा. जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, अन्नावरची वासना उडणं, वजन उतरणं. काहींच्या पोटात पाणी भरतं आणि पोट तटतटून घट्ट होतं. कोंदट, कापसाच्या धुळीने भरलेल्या कारखान्यात आणि दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाची ही कथा असेल आणि खोकला नसेल, तर क्षय कुणाच्या मनातही येत नाही. ॲसिडिटी, मग टायफॉइड, मग पुन्हा ॲसिडिटी असं करत वर्ष निघून जातं.

निदानही सोपं नाही. छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो. मोठ्या आतड्याची दुर्बीण घालून तुकडा काढावा लागतो, पोटात पाणी असेल तर ते तपासावं लागतं. क्रोन्स नावाचा आतड्याचा दाहाचा आजार हुबेहूब असाच दिसतो, तज्ज्ञही फसतात. आणि चूक महागात पडते, कारण क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि क्षय असेल तर तो उसळतो. पण एकदा क्षय ठरला तर सहा महिन्यांच्या औषधांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. औषधं सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पोटाच्या क्षयालाही ते लागू आहेत. चुलीवरच्या हिशोबात एवढ्याने फार फरक पडतो असं नाही, पण नोंद झाली की औषध मधेच सुटलं तर विचारायला कुणीतरी येतं.

बायकांच्या पोटदुखीचा प्रांत वेगळाच, आणि तिथे आपली हलगर्जी सर्वांत जुनी. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काहीतरी होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. ओटीपोट दुखणं हे बाईच्या जन्माला पुजलेलंच, असं बाईही धरून चालते. दुसरं टोक बीडमध्ये दिसलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाळी, पांढरं जाणं, ओटीपोटाचं दुखणं यांवर सरसकट गर्भाशय काढून टाकण्याचा उपाय झाला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. तिच्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तपासायचंच नाही, किंवा न तपासता कापायचं. मधली जागा रिकामी.

त्या मधल्या जागेत काय काय असतं? एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजणं. जननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एका स्त्रीला तो असतो. मासिक पाळीच्या दिवसांत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला जाताना कळ, मूल न राहणं. साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही, म्हणून निदानाला वर्षंच्या वर्षं लागतात. गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग. गर्भाशयाचा क्षय, जो वंध्यत्वाच्या तपासणीतच अचानक सापडतो. पन्नाशीच्या पुढच्या बाईला नव्यानेच पोट फुगायला लागलं, थोडं खाऊन पोट भरायला लागलं, ओटीपोट दुखायला आणि वारंवार लघवीला लागायला लागलं, आणि हे महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर अंडाशयाचा कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी. या वयात नव्याने 'आयबीएस' सुरू झालं असं मानून गप्प बसू नये. आणि एक कारण जे कुठल्याच पुस्तकात ठळक नसतं: वस्तीत शौचालय अपुरं, रांग मोठी, रात्री जायची भीती. घरी बसून कांड्या भरणारी बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि वेग दाबून ठेवते. बद्धकोष्ठ होतं, पोट घट्ट होतं, लघवीचा संसर्ग होतो. त्यावर कुठली गोळी चालणार?

आता ती सोनोग्राफी. ती वाईट नाही, फक्त तिला काय दिसतं ते ठाऊक हवं. पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडाची सूज, यकृतातलं गळू, पोटातलं पाणी, अंडाशयातली गाठ हे तिला चांगलं दिसतं. जठराचं अस्तर, त्यातला अल्सर, आतड्याचा हळवेपणा, अडकलेली नस हे दिसत नाही. स्वादुपिंडावर गॅस आला तर तेही झाकलं जातं. म्हणजे 'नॉर्मल' याचा अर्थ जे दिसू शकतं त्यात काही नाही, एवढाच. उलटही होतं. रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर', 'पित्ताशयात लहान खडा', 'अंडाशयात छोटी गाठ', 'आतड्याजवळ थोड्या ग्रंथी' असं काहीतरी निघतं आणि सगळा दोष त्याच्या माथी बसतो. पित्ताचे खडे असलेल्या बहुतेकांना जन्मभर त्यांचा त्रास होत नाही. वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच तो सुरू होतो. ज्याचं दुखणं मुळात आयबीएसचं आहे, त्याचं पित्ताशय काढलं तर खडे जातात, दुखणं राहतं. असं कर्ज काढून पित्ताशय गमावलेले आणि तरी दुखत असलेले लोक ओळखीत सापडतात. खडा आणि कळ यांचं वर्णन जुळतंय का, हे शस्त्रक्रियेआधी पुन्हा एकदा विचारावं.

मग दुर्बिणीची तपासणी कुणी आणि कधी करून घ्यावी? काही लक्षणं दिसली तर थांबू नये. न ठरवता उतरलेलं वजन, काळा डांबरासारखा किंवा रक्ताचा मळ, रक्त कमी झाल्याचं निदान, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप, पोटात हाताला लागणारी गाठ, घरात जठर किंवा आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, आणि पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलणं. यातलं काहीच नसेल तर तरुण माणसाला आधी साधी रक्ततपासणी, मळाची तपासणी, एक-दोन महिने नीट ठरवून दिलेला उपचार आणि मग पुन्हा भेट, हा रस्ता बरा.

आणि काही दुखणी अशी की तिथे आढावाच नको, रिक्षा हवी. पोट लाकडासारखं कडक होणं, हात लावू न देणं. दुखण्यासोबत उलट्या आणि वायू-शौच दोन्ही बंद. गर्भ राहिलेला असण्याची शक्यता आणि एका बाजूला अचानक कळ. हर्नियाचा फुगवटा आत न जाणं. पण सर्वांत जास्त फसवणारं यातलं एकच: छातीच्या पोकळीखाली, वरच्या पोटात आवळल्यासारखं दाटून येणं, घाम, मळमळ, ढेकर. माणूस म्हणतो गॅस झाला, बायको सोडा किंवा ओवा देते, शेजारी पाठ चोळतो. हृदयाच्या खालच्या भिंतीकडचा झटका पुष्कळदा असाच येतो. मधुमेहींमध्ये तर छाती दुखतच नाही, अशा घटना नेहमीच्या आहेत. चाळिशीनंतर, तंबाखू-विडी असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर अशा वेळी आधी ईसीजी. तो नॉर्मल आला तरी थोड्या वेळाने पुन्हा.

या सगळ्यासाठी जायचं कुठे, हा शेवटचा आणि भिवंडीत सगळ्यात अवघड प्रश्न. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती असलेल्या या शहरात मोठा सरकारी आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि हे अजून अनेकांना माहीत नाही. दुर्बिणीसाठी किंवा तज्ज्ञासाठी बरेच जण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नाहीतर मुंबईत सायन, केईएमला जातात. म्हणजे एक दिवस नंबर लावायला, एक तपासणीला, एक रिपोर्टला, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्याचे तिन्ही दिवस बिनपगारी. बहुतेक मागवाले असंघटित असल्याने कामगार विम्याची आजारी रजाही नाही. औषधाच्या दुकानातली तीन गोळ्यांची पुडी दोन मिनिटांत मिळते ती या हिशोबामुळे. तिला नावं ठेवण्याआधी पाळी सुटायच्या वेळेला, संध्याकाळी सात ते दहा, कामगार वस्तीतच ऐकून घेणारा डॉक्टर बसवता येतो का, याचा विचार भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने करायला हरकत नाही. यंत्र नंतर आणलं तरी चालेल.